कढीपत्त्यावरची अळी

घराजवळ पक्षी यावेत म्हणून बहुतेक जण आधी धान्याची वाटी ठेवतात. वाटीवर चिमण्या येतात, पण त्यांच्या मागोमाग कबुतरे येऊन ठाण मांडतात आणि बाकीच्यांना जागा उरत नाही. शिवाय चिमणी दाणे टिपत असली तरी तिची पिल्ले सुरुवातीला मुख्यतः अळ्या-किडे खाऊनच वाढतात. फुलांतला मधुरस पिणारा शिंजीरही पिल्लांना कोळी आणि किडे भरवतो. अंगणात पक्षी हवे असतील तर आधी किडे हवेत, आणि नेमके हेच बागेची हौस असलेल्यांना पचत नाही.

कढीपत्त्याचेच घ्या. कॉमन मॉर्मन फुलपाखराची मादी त्याच्या किंवा लिंबाच्या कोवळ्या पानांवर एकेक अंडे घालते. लहानपणी अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. मोठी झाली की हिरवी होते आणि डिवचल्यावर डोक्यामागून उग्र वासाचे दुहेरी लाल शिंग बाहेर काढते. तिच्यापायी काही डहाळ्या बोडक्या होतात, पण जोमदार झाड मरत नाही; नवी पालवी फुटते. बऱ्याच अळ्या पक्ष्यांच्या चोचीत जातात, एखादीच फुलपाखरू होते. 2015 मध्ये महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरलेले नीलवंतही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढते. रुईवर प्लेन टायगर, पानफुटीवर रेड पिएरो, अशी प्रत्येकाची आवड ठरलेली. एका फवारणीत हे सगळे संपते.

आवरासावर थोडी कमी केलेली बरी. शिंजीर आपले लोंबते घरटे कोळ्याच्या जाळ्याने बांधतो, शिंपीही पाने शिवायला तेच धागे वापरतो. तेव्हा घरातली जळमटे काढावीत, कुंपणावरची राहू द्यावीत. पालापाचोळा जाळण्याऐवजी झाडांच्या बुंध्याशी पसरावा. सातभाईंचे टोळके तोच उलथापालथा करून पोट भरते.

उन्हाळ्यात पाणी हवेच. भांडे मातीचे, पसरट, फार तर दोन इंच खोल. मध्ये एक दगड. मांजराला दबा धरता येईल अशा झुडपाजवळ ते ठेवू नये. पाणी रोज बदलले की डासांचीही चिंता नको.

कौलारू घरांच्या वळचणी गेल्या, तिथे चिमणीसाठी लाकडी खोके टांगता येते. त्याचे भोक साधारण 32 मिलिमीटरचे असावे, म्हणजे साळुंकी शिरत नाही. उंदरांना विष घालणे मात्र टाळावे. विष खाल्लेला उंदीर गव्हाणी घुबडाच्या पोटात गेला तर ते घुबडही दगावू शकते, आणि उंदीर मारण्यात त्याच्याइतका तरबेज दुसरा कोण?

घरट्यातून पडलेले, पिसे न फुटलेले पिल्लू अलगद परत ठेवावे. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप त्याला टाकत नाहीत. पिसे फुटून जमिनीवर उड्या मारणारे पिल्लू बहुधा उडायला शिकत असते. त्याला घरात आणू नये, मांजरापासून सांभाळले की पुरे.