आश्रयाश आणि पेट्रोलची थैली

अमरकोशांत अग्नीचीं जीं अनेक नांवें दिलीं आहेत, त्यांत ‘आश्रयाश’ असें एक नांव आहे. ज्याच्या आश्रयानें राहावयाचें त्यालाच भक्षण करणारा, असा त्याचा अर्थ होय. चुलींतील लाकडाविषयीं हें नांव जितकें यथार्थ, तितकेंच तें मोटारीविषयींही आहे. ज्या पेट्रोलाच्या ज्वलनावर मोटार धांवते, तेंच पेट्रोल टाकीबाहेर सांडून पेटलें, कीं मोटारीला व तींतील माणसांना गिळावयास तें फार वेळ लावीत नाहीं.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशांत राहणाऱ्यांस ह्या अग्नीच्या क्रौर्याचें उदाहरण दूर शोधावयास नको. १९ मे २०२२ च्या रात्रीं चंद्रपूर-मूल रस्त्यावर अजयपूरजवळ डिझेलचा टँकर आणि लाकडाचे ओंडके वाहणारा ट्रक ह्यांची टक्कर झाली, आणि भडकलेल्या आगींत नऊ माणसें मृत्युमुखीं पडलीं. टँकरमधील डिझेलच्या प्रचंड सांठ्याची गोष्ट निराळी, हें खरें. परंतु लहान मोटारीच्या बाबतींतही विचार करण्यासारखा प्रश्न तोच आहे. टक्कर क्षणांत होऊन जाते, आणि पुष्कळदां माणूस तींतून जिवंत राहतो. मागाहून येणारी आग मात्र त्यास सोडीत नाहीं. मग टक्कर आणि आग हीं दोन संकटें एकमेकांपासून तोडतां येतील काय?

ह्या प्रश्नाचा सर्वांत चिकाटीनें पाठपुरावा कोणीं केला असेल, तर तो मोटारींच्या शर्यती भरविणाऱ्यांनीं. त्यांस ही विद्या फार महाग पडली. ३० मे १९६४ रोजीं अमेरिकेंतील इंडियानापोलिसच्या शर्यतींत दुसऱ्याच फेरींत डेव्ह मॅकडोनाल्डची गाडी भिंतीवर आदळून पेटली, तिच्यावर एडी सॅक्सची गाडी धडकली, आणि दोघेही प्राणांस मुकले. त्यानंतरच्या वर्षांत शर्यतीच्या गाड्यांतून रबरी थैलीचा प्रसार झाला. ही कल्पना मूळची विमानांची. दुसऱ्या महायुद्धांत विमानांच्या टाक्यांस कच्च्या रबराचा थर देत. गोळी आरपार गेली तरी पेट्रोलच्या स्पर्शानें तें रबर फुगून छिद्र आपोआप बुजवी.

घरगुती सेडान मोटार शर्यतीस उतरविण्याचा प्रकार आपल्या महाराष्ट्रासही अपरिचित नाहीं. चाकणच्या कारखान्यांत बनलेली फोक्सवॅगन व्हेंटो २०१५ सालापासून तिच्याच नांवाच्या शर्यतींत धांवूं लागली. अशी मोटार तयार करतांना आंतील शोभेच्या वस्तू काढून टाकतात आणि चालकाभोंवतीं लोखंडी नळ्यांचा पिंजरा उभारतात. त्याच्या जोडीस ज्या गाडींत मूळची टाकी काढून सुरक्षित टाकी बसवितात, तिच्या त्या टाकीस ‘फ्युएल सेल’ म्हणतात. हायड्रोजनपासून वीज उत्पन्न करणारा फ्युएल सेल तो अगदीं वेगळा. नामसाम्यामुळें घोटाळा होऊं देऊं नये.

ह्या टाकीचे तीन भाग असतात. बाहेर धातूची पेटी. तिच्यांत रबराचा लेप दिलेल्या चिवट कापडाची थैली. जुन्या पाणक्याची पखाल ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस तिची कल्पना सहज येईल. पखालीप्रमाणेंच ही थैली दाबली असतां चेपते, पण फुटत नाहीं. थैलीच्या पोटांत स्पंजासारखा सच्छिद्र फोम भरलेला असतो. तो जागा थोडीच घेतो, परंतु वळणावर पेट्रोल हिंदकळूं देत नाहीं, आणि वाफ पेटलीच तर तिचा एकदम स्फोट होऊं देत नाहीं.

ही टाकी बसविणें म्हणजे केवळ चार बोल्ट आवळणें नव्हे. सेडानमध्यें ती बहुधा डिकींत, मागच्या दोन चाकांच्या दरम्यान बसवितात. मागून धक्का बसल्यास तो प्रथम गाडीच्या पत्र्यानें सोसावा, टाकीनें नव्हे, असें अंतर राखतात. डिकीच्या पातळ पत्र्यावर तिचा भार न टाकतां तो गाडीच्या मुख्य सांगाड्यास जोडलेल्या आडव्या पट्ट्यांवर घेतात. चालक आणि डिकी ह्यांच्यामध्यें धातूचा अखंड पडदा घालून त्यांतील प्रत्येक छिद्र बुजवितात. हवा येण्याजाण्याच्या नळीस अशी झडप असते, कीं गाडी उलटली तर ती आपोआप मिटावी. टाकी, तोंड व सांगाडा तारेनें जोडून स्थिर विजेची ठिणगी टाळतात. थैलीवर तिच्या निर्मितीची तारीख असते. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या नियमांप्रमाणें तिचें आयुष्य पांच वर्षांचें. निर्मात्यानें पुन्हां तपासून दाखला दिला तर फार तर आणखी दोन वर्षें. हल्लीं आपल्या पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. थैलीचें रबर त्यास टिकणारें आहे कीं नाहीं, हेंही पाहावें लागतें.

इतकें करूनही एक कच्चा दुवा उरतोच, आणि तो म्हणजे सांधा. २९ नोव्हेंबर २०२० रोजीं बहरीनच्या शर्यतींत रोमँ ग्रोजाँची गाडी ताशीं १९२ किलोमीटर वेगानें कठड्यावर आदळून दुभंगली. चौकशींत असें दिसलें, कीं टाकीच्या तपासणीच्या झरोक्याचें झांकण निखळलें होतें आणि इंजिनाकडे जाणाऱ्या नळीचा सांधा थैलीपासून उखडला होता. पेट्रोलास वाट मिळाली ती तेथून. तरीही पिंजऱ्यासारखा सांगाडा, अग्निरोधक वस्त्रें आणि धांवून आलेलीं माणसें ह्यांच्या बळावर तो २७ सेकंदांत ज्वालांतून बाहेर पडला. एका उपायावर विसंबून न राहतां उपायांची परंपरा उभी करावी, हा ह्या घटनेचा बोध आहे.

घरांतील तरुण हें वाचून आपल्या मोटारींत अशी टाकी बसवूं म्हणतील, तर वडीलधाऱ्यांनीं त्यांस वेळींच आवरावें. हें साधन शर्यतीच्या बंदिस्त मार्गासाठीं आहे. रस्त्यावरील वाहनांत निर्मात्याच्या मूळ रचनेविरुद्ध फेरफार करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें कलम ५२ मनाई करतें. शिवाय कारखान्याची टाकी तिच्या जागीं पुरेशा विचारानेंच बसविलेली असते. आपण तिला गंज, गळती आणि हौशी हातांपासून जपलें म्हणजे पुष्कळ झालें.

त्याहून मोठा धोका आपणच डिकींत नेऊन ठेवतों. वनभागांत पेट्रोलपंप दूरदूर असतात. म्हणून प्रवासास निघतांना प्लास्टिकच्या डब्यांतून जादा पेट्रोल नेण्याचा मोह होतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षां जड असल्यामुळें ती तळाशीं सांचते, आणि शून्याखालीं ४० अंशांच्या सुमारासही ती पेट घेण्याइतकी सुटते. मग वैशाखांत जेथें पारा ४५ अंशांवर चढतो, तेथील बंद डिकीची काय अवस्था होत असेल! शर्यतीचा चालक आपल्यामागें पेटी, थैली, फोम आणि धातूचा पडदा अशीं चार आवरणें घालून मग पेट्रोल वाहतो. आणि आपण मुलाबाळांच्या पाठीमागें तेंच पेट्रोल पातळ डब्यांत ठेवून निर्धास्त निघतों. निघण्यापूर्वीं टाकी भरून घ्यावी आणि डबा घरींच काय, पंपावरूनही आणूं नये; एवढा नियम प्रत्येक कुटुंबानें पाळला तरी ह्या आश्रयाशास पुष्कळ अंशीं त्याच्या मर्यादेंत ठेवतां येईल.