ड्रॅगन चालतो, दणकट बाई चालत नाही?

डंजन्स अँड ड्रॅगन्सवाल्यांनो, १९७८ चं ‘प्लेअर्स हँडबुक’ कुठे मिळालं तर ताकदीचा तक्ता बघाच. मानवी पुरुष योद्ध्याची ताकद १८/०० पर्यंत जाते. बाई असेल तर गाडी १८/५० ला अडते. म्हणजे लागलेल्या प्रत्येक घावाला त्याचे ६ जादा, तिचे फक्त ३! हाफलिंग बाईला तर १४ च्या वर सोयच नाही. आग ओकणारा ड्रॅगन पटतो, दणकट बाई तेवढी पटत नाही. धन्य! त्याआधी १९७६ मध्ये ‘द ड्रॅगन’ मासिकातल्या एका लेखाने स्त्रीपात्रांना करिश्म्याऐवजी ‘सौंदर्य’ हा गुण देऊन टाकला होता.

१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ताकदीची ही मर्यादा गेली. खेळाचं काडीचंही बिघडलं नाही.

पण नियम बदलले म्हणून टेबलाभोवतीची माणसं बदलतातच असं नाही. त्यावर जॉन स्टावरोपोलोस यांचं एक्स-कार्ड मला सगळ्यात कामाचं वाटतं. फुली मारलेलं एक कार्ड मधोमध ठेवायचं. नकोसा प्रसंग आला की कुणीही त्याला हात लावायचा. तो प्रसंग तिथेच गाळायचा, कारण विचारायचं नाही. पुढच्या खेळाला ठेवून बघा, आणि कसं झालं ते कमेंटमध्ये सांगा.