रोहूची कलेजी आणि पाच धातू

पहाटे ५. मूल तालुक्यातल्या मामा तलावावर ढिवरांचं जाळं ओढून होत आलंय. मालगुजारीच्या काळातले हे तलाव पूर्व विदर्भात गावोगाव आहेत. धानाला पाणी आणि ढिवरांना मासळी त्यांच्यातूनच मिळते. मला रोहू लागतो, तोही जिवंत. मासा मेला की यकृतातली प्रथिनं मोडायला लागतात, म्हणून बाजारातला मासा चालत नाही.

"मॅडम, मासा ठेवून नुसती कलेजीच नेता का जी?" काठावर मासे कापणाऱ्या काकू विचारतात. मांस त्यांच्याकडेच राहतं. पित्ताची पिशवी त्या बोटाच्या एका हालचालीत सोडवतात. ती फुटली तर त्यांचं कालवण कडू होतं, आणि आमच्या अर्कात पित्तक्षार शिरून प्रथिनांची घडी विस्कटते. आमच्या प्रयोगशाळेत इतका सफाईदार हात कुणाचाच नाही.

रोहूचं यकृत आतड्याच्या वेटोळ्यांतून पसरलेलं असतं आणि त्यात स्वादुपिंडाचा भागही मिसळलेला असतो. स्वादुपिंडात प्रथिनं पचवणारी एन्झाइमं असतात. म्हणजे जे वाचवायचं, त्याच्या शेजारीच त्याला खाणारे. थर्मोकोलच्या डब्यात बर्फ गच्च भरून आम्ही चंद्रपूरची वाट धरतो.

८.३०. कलेजी थंड बफरमध्ये वाटली जाते. बफरमध्ये पचनाच्या एन्झाइमांना रोखणारं पीएमएसएफ आहे आणि भटके धातू पकडणारं ईडीटीए आहे. या ईडीटीएचा हिशेब दुपारी द्यावा लागतो. गाळ तळाशी बसवण्यासाठी नळ्या थंड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरतात.

आम्हांला हवं ते एन्झाइम ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेज. शरीरात आलेल्या विषारी रेणूला ते ग्लुटाथायोनची जोड देतं, मग तो रेणू पाण्यात सहज विरघळतो आणि बाहेर टाकता येतो. बूथ, बॉयलंड आणि सिम्स यांनी १९६१ साली उंदराच्या यकृतात अशी जोड देणाऱ्या एन्झाइमची नोंद केली. माशाला तर कल्ल्यांतून, खाण्यातून पाण्यातलं सगळंच भोगावं लागतं, त्यामुळे त्याच्या यकृतातलं हे एन्झाइम मला फार मोलाचं वाटतं.

११. अर्क कॉलममधून सोडतो. आतल्या मण्यांवर ग्लुटाथायोन बांधलेलं असतं. बाकीची प्रथिनं वाहून जातात, आमचं चिकटून राहतं. मग मोकळं ग्लुटाथायोन ओतलं की ते मणी सोडतं. एम.एस्सी.ची विद्यार्थिनी थेंब मोजत नळ्या बदलते.

१.३०. बाहेर पारा ४५ च्या वर. लाइन जाते. फ्रीज उघडायचा नाही, एवढाच नियम.

२.३०. आता आदल्या दिवशीची, रात्रभर डायलिसिस झालेली खेप. तिच्यावर पाच धातू तपासायचे: तांबं, जस्त, कॅडमियम, शिसं, पारा. ही नावं इथे परकी नाहीत. ठाणेवासनाला तांब्याचा साठा आहे, आणि चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रात जळणाऱ्या कोळशाच्या राखेत शिसं, पारा, कॅडमियम अल्प प्रमाणात उतरतातच.

चाचणी १९७४ पासून रूढ असलेली: सीडीएनबी हे रसायन आणि ग्लुटाथायोन यांची जोड झाली की ३४० नॅनोमीटरला प्रकाश शोषला जातो आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरचा आकडा चढत जातो. धातू घातल्यावर आकडा संथ चढला, की "एन्झाइम दबलं" असं लिहायचा मोह होतो. इथेच मी विद्यार्थ्यांना अडवते. ईडीटीए उरलं असेल तर ते धातूच पकडून ठेवतं आणि पारासुद्धा निरुपद्रवी दिसतो. उलट, पारा आणि कॅडमियम गंधकाला बिलगतात, आणि ग्लुटाथायोनमध्ये गंधक आहे. मग धातूने एन्झाइमला धरलं, की त्याच्या कच्च्या मालाला? शिवाय नेहमीचं बफर फॉस्फेटचं असतं. त्यात शिशाचा साका बसतो. नळी गढूळ होते आणि गढूळपणाही यंत्राला प्रकाश शोषल्यासारखाच दिसतो.

म्हणून एन्झाइम आणि धातू आधी ग्लुटाथायोनविना एकत्र ठेवायचे. एन्झाइम नसलेली, फक्त धातू असलेली नळी वेगळी वाचायची. ग्लुटाथायोन वाढवून दबलेला वेग परत येतो का पाहायचं. शिसं फॉस्फेट नसलेल्या बफरमध्ये पुन्हा. हे सगळं करायला संध्याकाळ होते, आणि होऊ द्यावी.

५.३०. "मॅडम, मग इरई नदीच्या माशांत एन्झाइम कमीच सापडेल ना?" विद्यार्थिनी विचारते. नाही, तसं धरून चालता येत नाही. काचेच्या नळीत जो धातू एन्झाइम दाबतो, त्याच धातूच्या थोड्या मात्रेने जिवंत मासा कधी जास्त एन्झाइम बनवायला लागतो. नळीतला आकडा धातू कुठे बसतो ते सांगतो. नदीचं नदीतल्या माशालाच विचारावं लागतं. इरईकाठी मासे पकडून खाणारी घरं आहेत. त्यांच्यापुढे ठेवायची गोष्ट पक्कीच असायला हवी, भीती दाखवण्यापुरतीही अर्धीकच्ची नको. २०११ साली गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आलं, तेव्हापासून या भागातल्या मुलांना प्रबंधासाठी नागपूर विद्यापीठाकडे जावं लागत नाही. त्यांनी आपल्या नद्यांबद्दल ठाम बोलावं असं मला मनापासून वाटतं.

७. जेलवर आजच्या खेपेचा पट्टा पंचवीस हजार डाल्टनच्या आसपास एकटाच दिसतो. जवळ दुसरी पुसट रेघ असती, तर ही खेप धातूंच्या चाचणीला घेतली नसती.

९. आजचं एन्झाइम डायलिसिसच्या पिशवीत, पिशवी थंड बफरमध्ये. या बफरमध्ये ईडीटीए नाही. कॉलममधलं ग्लुटाथायोनही रात्रीत निघून जायला हवं, म्हणून ११ वाजता बफर एकदा बदलायचं. नोंदवहीत उद्यासाठी दोन ओळी: शिसं, फॉस्फेटविना, पुन्हा तीन नळ्या; पारा, ग्लुटाथायोन दुप्पट.