वाईनचे अर्थकारण आणि सावजीचे ताट

राज्य मंत्रिमंडळाने २७ जानेवारी २०२२ रोजी मोठ्या किराणा-भांडारांत वाईन विकू देण्यास मान्यता दिली, तेव्हा प्रामुख्याने दोनच बाजू ऐकू आल्या. एक द्राक्ष-उत्पादकाच्या हिताची ग्वाही देत होती. दुसरी व्यसनाधीनतेचा इशारा देत होती. एक साधा प्रश्न मात्र दोहोंकडून दुर्लक्षित राहिला : महाराष्ट्रातील माणूस ही वाईन कोणत्या जेवणाबरोबर घेणार? प्रश्न चैनीचा वाटेल. वस्तुतः तो मागणीचा, म्हणून शेतकऱ्याच्या उत्पन्नाचा आहे.

या संदर्भात स्पेनचे उदाहरण उद्बोधक आहे. दुएरो नदीच्या काठच्या उंच पठारावर दिवसा कडक ऊन आणि रात्री बोचरी थंडी असते. तेथील टेम्प्रानिल्यो द्राक्षाची लाल वाईन गडद आणि तुरट होते. तिच्यातील मद्यार्क बहुधा १४ टक्क्यांच्या आसपास असतो. रिओहा प्रांतातील ‘ग्रान रेसेर्वा’ वाईन तर किमान पाच वर्षे, त्यांपैकी दोन ओकच्या पिंपांत, मुरवावी लागते. नुसती प्यायल्यास ही वाईन जीभ कोरडी करते. परंतु लाकडाच्या भट्टीत भाजलेले कोवळे मेंढीचे मांस किंवा मेंढीच्या दुधाचे जुने चीज सोबत असले, की मांसातील प्रथिने व स्निग्धांश तिचा तुरटपणा निवळवितात. पेय आणि अन्न तेथे एकाच मातीत, एकमेकांना जोखत वाढले आहेत.

हीच वाईन नागपुरात सावजी मटणाशेजारी ठेवली तर काय होईल? हलबा कोष्टी विणकरांच्या घरांतून शहरभर पसरलेल्या या रश्शात मिरची, काळी मिरी, दगडफूल आणि खसखस यांचे राज्य असते. मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य जिभेवरील उष्णतेची जाणीव चेतविते आणि मद्यार्क त्या जाणिवेला अधिक धार आणतो. तुरटपणाची त्यात भर पडली, की ना रश्श्याचा स्वाद उरतो, ना वाईनचा. तिखटाचा दाह शमवायला साखर उपयोगी पडते. दुधातील प्रथिनेही पडतात. ताकाचा पेला म्हणूनच शास्त्राच्याही कसोटीला उतरतो. तिखट जेवणाला साजेशी वाईन हवीच असेल, तर ती हलकी, थंड आणि किंचित गोड असावी लागेल.

महाराष्ट्रातील उद्योगाने मात्र बराच काळ परदेशी नावांचाच मागोवा घेतला. नाशिक जिल्ह्यात चारोसा वाईनरीने टेम्प्रानिल्योचीही वाईन काढली. उद्योगाला सवलती देणारे धोरण राज्याने २००१ साली आखले, वाईनरी वाढल्या, शेतकऱ्यांनी वाईनची द्राक्षे लावली. पुढे २००८ नंतरच्या मंदीत माल तुंबला, खरेदी रोडावली आणि अनेकांनी वेली उपटल्या. द्राक्षाचा वेल एका हंगामाचा नसतो. त्यात काही वर्षांचे भांडवल आणि श्रम गुंतलेले असतात. मागणीच्या अंदाजातील चूक कारखानदाराला तोट्याच्या रूपाने भोवते. शेतकऱ्याला ती कर्जाच्या रूपाने भोवते.

तेव्हा विक्रीची फळी वाढविली म्हणजे मागणी वाढली, हे समीकरण फसवे आहे. रिओहाचे नाव १९२५ पासून संरक्षित आहे; त्या नावामागे तेथील जेवणाची रोजची सवय उभी आहे. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तरी केवळ मानांकनाने भाव मिळत नाही, हे विदर्भाला वेगळे सांगायला नको. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले आहे, की मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात तर दारूबंदीच आहे. अशा स्थितीत शेतकऱ्याचे हित हे कारण पुढे करणाऱ्यांनी आधी खरेदीची हमी, किमान दर आणि मंदीतील संरक्षण यांचा हिशेब मांडावा. उसन्या चवीचा जोखीम-भार शेतकऱ्याच्या खांद्यावर टाकून कोणतेही धोरण शेतकरी-हिताचे ठरत नाही.