हिरव्या किरणाला कोणते कलम?

२९ डिसेंबर २००४ च्या संध्याकाळी अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात एक सेसना सायटेशन जेट टेटरबोरो विमानतळाकडे उतरत होते. उंची सुमारे ३ हजार फूट. अचानक कॉकपिटमध्ये हिरवा उजेड भरला आणि वैमानिकांचे डोळे दिपले. दोन दिवसांनी पोलिसांचे हेलिकॉप्टर या उजेडाचा उगम शोधत त्याच भागावर घिरट्या घालत होते, तेव्हा त्याच्यावरही तसाच झोत आला. त्या झोताचा माग काढत पोलीस पार्सिपनी गावातल्या एका घरापाशी पोचले. घरमालकाने आधी सगळे मुलीवर ढकलले, मग लेझर पॉइंटर आपणच रोखला होता हे कबूल केले. मुलीबरोबर तारे पाहताना हे घडले, असा त्याच्या बाजूचा खुलासा होता. प्रकरणाचा दहशतवादाशी संबंध नाही, हे तपास यंत्रणेनेच सांगून टाकले. तरीही गुन्हा नोंदवला गेला तो ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर दीड महिन्यात संमत झालेल्या 'पेट्रियट ॲक्ट'खाली. तपास अधिकाऱ्यांशी खोटे बोलल्याचा आरोप धरून २५ वर्षांपर्यंतचा तुरुंगवास त्याच्यासमोर उभा राहिला. पुढे त्याने दोष कबूल केला आणि शिक्षा झाली दोन वर्षांच्या प्रोबेशनची. २५ वर्षांचा धाक आणि एक दिवसही तुरुंग नाही, एवढे अंतर एकाच खटल्यात पडते तेव्हा कायदा निवडतानाच चूक झाली होती, असे मला वाटते. ती चूक कशी होते आणि आपल्याकडेही का होऊ शकते, हे समजून घेण्यासारखे आहे.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. विमानावर लेझर रोखणे ही पोरखेळ म्हणून सोडून देण्याजोगी बाब नाही. हिरवा पॉइंटर म्हणजे पेनाएवढी नळी आणि दोन छोटे सेल. आत मुळात डोळ्यांना न दिसणारा अवरक्त किरण तयार होतो. दोन बारीक स्फटिकांतून जाताना त्याची तरंगलांबी बदलते आणि ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश बाहेर पडतो. माणसाचा डोळा हिरव्या रंगाला सर्वाधिक संवेदनशील असल्याने तेवढ्याच शक्तीच्या लाल पॉइंटरपेक्षा हा कितीतरी पट प्रखर भासतो. भिंतीवर तो टिकलीएवढा दिसतो, पण किरण जाता जाता पसरत असतो, आणि एक किलोमीटरवर त्याचा ठिपका साधारण मीटरभर, म्हणजे बैलगाडीच्या चाकाएवढा होतो. कॉकपिटच्या काचेवर बारीक चरे असतात, धूळ असते. त्यांवर प्रकाश विखुरला की समोरची अख्खी काच हिरव्या पडद्यासारखी उजळते आणि पलीकडचे धावपट्टीचे दिवे दिसेनासे होतात. रात्री कॉकपिटमधले दिवे मंद ठेवलेले असतात, वैमानिकाचे डोळे अंधाराला सरावलेले असतात. त्यामुळे झोत निघून गेल्यावरही डोळ्यांसमोर डाग तरंगत राहतात. उतरताना प्रवासी विमानाचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास असतो. पाच सेकंद दिसले नाही, तर तेवढ्यात ते जवळजवळ साडेतीनशे मीटर पुढे गेलेले असते. अशा अंतरावरून डोळ्याला कायमची इजा सहसा होत नाही आणि पॉइंटरमुळे प्रवासी विमान कोसळल्याचे उदाहरण नाही. पण दोन वैमानिक, सराव आणि स्वयंचलित यंत्रणा यांनी आजवर सांभाळून नेले म्हणून धोका नव्हता असे होत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये लंडनहून न्यूयॉर्कला निघालेले व्हर्जिन अटलांटिकचे विमान लेझरच्या झोतामुळे एका वैमानिकाला त्रास होऊ लागल्याने वाटेतूनच हीथ्रोला परतले होते.

मग एवढा धोका असताना कडक कायदा का नको? माझे उत्तर असे की कायदा हवाच, पण दहशतवादविरोधी कायदा हा साध्या फौजदारी कायद्याचा नुसता कडक अवतार नसतो. त्याची जातच वेगळी असते. तो कृत्यापेक्षा त्यामागचा हेतू पकडण्यासाठी केलेला असतो: लोकांत दहशत पसरवायची, सरकारला वाकवायचे, देश खिळखिळा करायचा. त्या हेतूपायीच समाज त्याला असाधारण अधिकार देतो, लांबलेली कोठडी, अवघड जामीन, जबर शिक्षा. हेतू काढून घेतला की त्या अधिकारांमागचे समर्थनही जाते. 'पेट्रियट ॲक्ट'च्या ज्या कलमाखाली न्यू जर्सीचा खटला उभा राहिला, त्याच्या शीर्षकात सामूहिक वाहतुकीवरील दहशतवादी हल्ल्यांचा आणि इतर हिंसक कृत्यांचा उल्लेख होता. आत मात्र शब्दयोजना अशी की, जिवाला धोका पोचवण्याच्या हेतूने 'किंवा' मानवी जिवाच्या सुरक्षिततेची बेदरकार उपेक्षा करून चालकाच्या कामात अडथळा आणणारा गुन्हेगार ठरेल. सगळी गफलत त्या 'किंवा'त आहे. त्याच्या अलीकडे घातपाती उभा असतो आणि पलीकडे अंगणात पॉइंटर घेऊन उभा असलेला बेफिकीर माणूस, आणि कायदा दोघांना एकाच ओळीत बसवतो. त्यात २००४ चा तो डिसेंबर भीतीचा होता. अतिरेकी लेझरचा शस्त्रासारखा वापर करू शकतील, असा इशारा अमेरिकी यंत्रणांनी त्याच महिन्यात दिला होता. अशा वातावरणात सरकारी वकिलाचा हात हाताशी असलेल्या सर्वांत जड कलमाकडे गेला, हे समजण्याजोगे आहे. योग्य मात्र नाही.

यावर पहिला आक्षेप मनाला भिडणारा आहे. विमान कोसळले तर मेलेल्या माणसाला खालच्याचा हेतू काय होता याने काय फरक पडतो? त्याला खरेच पडत नाही. पण शिक्षा ठरवताना कायद्याला तो पाहावाच लागतो. भरधाव गाडी चालवून माणूस मारणारा आणि सुपारी घेऊन मारणारा, दोघांच्याही हातून एकेक जीव गेलेला असतो. तरी आपण दोघांना एकच कलम लावत नाही, आणि लावावे असे मृताच्या नातेवाइकांखेरीज फारसे कोणी म्हणत नाही. हेतू, जाणीव, बेदरकारी, निष्काळजीपणा या पायऱ्या माणसाच्या मनातल्या खऱ्या फरकांवर बांधलेल्या आहेत. आणि लेझरच्या बाबतीत तर बेदरकारीही गृहीत धरता येत नाही. बेदरकार तो, ज्याला धोका ठाऊक आहे आणि तरी पर्वा नाही. हा ठिपका हजार मीटरवर चाकाएवढा होतो आणि काचेवर पसरतो, हे किती जणांना ठाऊक असते?

अमेरिकी न्यायालयांना २०१५ मध्ये नेमका हाच प्रश्न सोडवावा लागला. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात एका माणसाने पोलिसांच्या आणि मुलांच्या रुग्णालयाच्या हेलिकॉप्टरवर जबर शक्तीचा पॉइंटर रोखला होता. साधा लेझर रोखण्याच्या गुन्ह्यासोबत विमानातील घातपाताविरुद्धच्या कायद्यातले, तेच 'हेतू किंवा बेदरकारी' असलेले कलम लावून त्याला १४ वर्षांची शिक्षा झाली. अपिलात नवव्या सर्किटच्या, म्हणजे त्या विभागाच्या संघीय अपील न्यायालयाने ते जड कलम टिकू दिले नाही. किरण किती लांब जातो हे मुलांबरोबर पाहण्याचा त्याचा उद्योग चालला होता. त्याला धोक्याची जाणीव होती हे सरकार पक्षाला सिद्ध करता आले नव्हते. त्याच वर्षी त्याच न्यायालयाने बरबँकला उतरणाऱ्या जेटवर पॉइंटर रोखणाऱ्या एका १८ वर्षांच्या मुलाची वाढवलेली शिक्षाही याच कारणासाठी रद्द केली. दोघेही निर्दोष सुटले नाहीत. विमानावर लेझर रोखणे हाच गुन्हा ठरवणारे साधे, वेगळे कलम दोघांवर कायम राहिले. न्यायालयाचा रोख स्पष्ट होता: असल्या उपद्व्यापी माणसांसाठी संसदेने वेगळे कलम केले आहे, ते वापरा.

ते कलम फेब्रुवारी २०१२ मधले. विमानावर किंवा त्याच्या मार्गावर जाणूनबुजून लेझर रोखला की गुन्हा, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. विमान पाडण्याचा हेतू होता का, हा वादच उरत नाही. ब्रिटनने २०१८ मध्ये याहून नेमका कायदा केला. चालत्या वाहनाच्या दिशेने लेझर रोखला आणि चालकाचे डोळे दिपले, त्याचे लक्ष विचलित झाले किंवा तसे होण्याचा संभव असला, तर गुन्हा. आपण पुरेशी काळजी घेतली होती हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर. शिक्षा इथेही पाच वर्षांपर्यंत. त्यात विमानाबरोबर रेल्वे, जहाज, मोटारही आली. मला हा नमुना सर्वांत पटतो, कारण तो धोक्याला धोका म्हणतो आणि सरकारी वकिलावर आरोपीच्या मनात दहशत शोधण्याची पाळी आणत नाही.

आता दुसरा आक्षेप. अमेरिकेत २०१० मध्ये वैमानिकांनी अशा २,८३६ घटना कळवल्या होत्या; २०२३ मध्ये त्या १३,३०४ झाल्या आणि २०२४ मध्ये १२,८४०. मग पाच वर्षांच्या शिक्षेने काय साधले? हा प्रश्न टाळता येणार नाही. पॉइंटर स्वस्त आणि शक्तिमान झाले, घटना कळवण्याची सवय वाढली, हे खरे असले तरी त्याने उत्तर पूर्ण होत नाही. उत्तर असे की पाचाच्या जागी पंचवीस लिहिल्यानेही काही साधले नसते. झोत काही सेकंदांचा, वैमानिकाला फार तर अंदाजे दिशा सांगता येते, आणि पोलीस पोचेपर्यंत पॉइंटर खिशात गेलेला असतो. सापडतात ते बहुधा पोलिसांच्या हेलिकॉप्टरवर लेझर मारणारे, कारण त्याला एका जागी थांबता येते, त्याच्यावर रात्री दिसणारा कॅमेरा असतो आणि खालच्या गस्तीच्या गाडीला तो घर दाखवू शकतो. टेटरबोरोच्या प्रकरणातही उलगडा तसाच झाला. सापडण्याची भीती नसलेल्याला शिक्षेच्या वर्षांचा आकडा अडवत नाही. मुळात तो आकडा त्याला ठाऊकच नसतो. म्हणून खर्च करायचा तो तपासावर आणि विक्रीवरच्या नियंत्रणावर. ऑस्ट्रेलियाने एक मिलिवॉटहून अधिक शक्तीचे हातातले पॉइंटर परवान्याशिवाय आयात करायला बंदी घातली, ती याच विचाराने. दहशतवादाचे कलम लावणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

उद्या खऱ्या अतिरेक्यानेच लेझर वापरला तर? मग दहशतवादविरोधी कायदा तिथे आहेच. हेतू सिद्ध करा आणि लावा. माझा विरोध हेतूवाचून तो लावण्याला आहे.

आपल्याकडे हा धोका जास्त आहे, कारण तो 'किंवा' आपल्या कायद्यातही बसलेला आहे. बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याच्या (युएपीए) १५ व्या कलमात आणि आता भारतीय न्याय संहितेच्या ११३ व्या कलमात दहशत निर्माण करण्याच्या हेतूने 'किंवा' दहशत निर्माण होण्याचा संभव असेल असे कृत्य, अशी रचना आहे, आणि साधन कोणत्याही स्वरूपाचे चालते. युएपीएखाली आरोपपत्रासाठी १८० दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते आणि आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला तर जामीन नाकारावाच लागतो. म्हणजे पुढे सुटका झाली तरी मधली वर्षे गेलेलीच. टाडा या जुन्या दहशतवादविरोधी कायद्याखाली देशभर सत्तर हजारांहून अधिक लोकांना अटक झाली, दोषी ठरले ते अगदी थोडे. १९९४ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका टाडा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला बजावावे लागले की दहशतवादी गुन्हेगार असतो, पण प्रत्येक गुन्हेगाराला दहशतवादी म्हणता येत नाही.

दुसऱ्या टोकाला आपले साधे कायदे फार तोकडे आहेत. दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्या बेदरकार कृत्याला, कोणाला इजा झाली नसेल तर, न्याय संहितेच्या १२५ व्या कलमाखाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड. मुंबई-पुण्याचे पोलीस विमानांवर लेझर रोखण्याविरुद्ध वेळोवेळी मनाई आदेश काढतात, ते मोडल्यावरची शिक्षाही फार तर वर्षभराची. तीन महिने आणि युएपीए यांच्या मध्ये पायरीच नसेल, तर एखाद्या रात्री मोठा गोंधळ झाल्यावर हात वरच्या पायरीकडेच जाईल. मधली पायरी बांधायची संधी होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये विमान नियमांतला घातक दिव्यांविषयीचा ६६ वा नियम सुधारला, त्यात लेझरचा स्पष्ट उल्लेख आला आणि विमानतळाभोवतीचे अंतर ५ किलोमीटरवरून ५ सागरी मैल, म्हणजे सव्वानऊ किलोमीटर झाले. पण नियमाची घडण अजून गच्चीवरच्या किंवा मंडपातल्या एका जागच्या दिव्याची आहे: दिवा २४ तास तसाच राहिला तर अधिकारी आत शिरून तो विझवू शकतात. पाच सेकंदांच्या झोताला ही मुदत कशी लावणार? शिवाय नेहमीच्या तीन अंशांच्या उताराने येणारे विमान तीन हजार फुटांवर असते तेव्हा ते धावपट्टीपासून सुमारे १७ किलोमीटर दूर असते. पूर्वेकडून मुंबईत उतरणाऱ्या विमानासाठी नियमाचे वर्तुळ ठाणे खाडीच्या आसपास संपते, आणि टेटरबोरोच्या जेटवर लेझर पडला त्या उंचीवर असलेले विमान त्या वेळी खाडीच्या पलीकडे, नवी मुंबईच्या गच्च्यांवरून येत असते.