हेलशॅमची मुले

मुलाला वसतिगृहात ठेवायची वेळ आली की आपण काय विचारतो? जेवण कसे आहे, स्वच्छता आहे का, मारहाण तर होत नाही ना? काझुओ इशिगुरो यांची 'नेव्हर लेट मी गो' ही इंग्रजी कादंबरी वाचली आणि हे प्रश्न पुरेसे नाहीत, असे आम्हाला वाटू लागले.

इशिगुरो यांचा जन्म १९५४ साली जपानमधील नागासाकीत झाला. पाच वर्षांचे असताना ते आईवडिलांबरोबर इंग्लंडला आले. ही कादंबरी २००५ साली प्रसिद्ध झाली, २०१० साली तिच्यावर चित्रपट निघाला आणि २०१७ साली इशिगुरो यांना साहित्याचे नोबेल मिळाले.

कथा विसाव्या शतकाच्या अखेरच्या इंग्लंडमध्ये घडते. पण हा इंग्लंड इतिहासातला नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर विज्ञान वेगळ्याच वाटेने गेले असते तर काय झाले असते, याची ही कल्पना आहे. इथे माणसांचे क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रती, तयार होतात. त्यांना लहानाचे मोठे करायचे आणि मग एकेक अवयव काढून आजारी माणसांना द्यायचा, अशी पद्धत रुळली आहे. आपला माणूस बरा होतोय म्हटल्यावर अवयव कोठून आला, हे कोणी विचारत नाही.

हेलशॅम ही अशा मुलांची निवासी शाळा. मैदाने आहेत, चित्रकला आहे, कविता आहेत. तब्येतीची नियमित तपासणी होते, सिगारेटला सक्त मनाई आहे. एखाद्या पालकाला हेवा वाटावा अशी ही शाळा! पण या मुलांना आईबाप नाहीत, आडनावसुद्धा नाही. कॅथी एच., टॉमी डी., एवढीच त्यांची ओळख. सुट्टीत न्यायला कोणी येत नाही.

तिथली भाषाही गोड आहे. अवयव काढण्याला 'दान' म्हणतात, मरणाला 'पूर्ण होणे'. आपल्याकडे सदका द्यायचा तर आधी नियत लागते. ज्याला नाही म्हणायची मुभाच नाही, त्याच्याकडून घेतले ते दान कसले?

एके दिवशी मुले सिनेनट होण्याच्या गोष्टी करत असतात. मिस लूसी नावाच्या बाईंना ते ऐकवत नाही. तुमचे आयुष्य आधीच ठरलेले आहे, हे त्या मुलांना स्पष्ट सांगून टाकतात. पुढे त्या शाळेत राहत नाहीत. बाकी साऱ्या बाई मायाळू असतात आणि गप्प असतात.

मोठेपणी कॅथी स्वतः मोटार चालवत देशभर फिरते. पाळतीवर कोणी नाही, तरी ती पळून जात नाही. कोणीच जात नाही. वाचताना आम्हाला राग येत होता. मग ध्यानात आले, ज्याच्यासाठी बाहेर एकही दार उघडणार नाही, त्याने पळून जायचे कोणाकडे?

शेवटी जुन्या मुख्याध्यापिका कॅथी आणि टॉमीला सांगतात, की तुमची चित्रे आम्ही जमवली ती तुम्हालाही आत्मा आहे, हे जगाला पटवण्यासाठी. कॅथी चकित होते. आम्हाला रूह नाही, असे कोणाला वाटत होते का? या एका प्रश्नापाशी आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो.

वाचकहो, वसतिगृहे आणि यतीमखाने आपल्या आसपासही आहेत, आणि पुष्कळ ठिकाणी माणसे जीव ओतून काम करतात. तिथे जाल तेव्हा जेवणाची चौकशी जरूर करा. पण एवढेही विचारा: या मुलाला भेटायला कोण येते? त्याला पूर्ण नावाने हाक मारतात का? त्याच्या पुढच्या आयुष्याबद्दल त्याच्याशी कोणी खरे बोलते का? आणि ईदच्या दिवशी तो कोणाच्या घरी असतो?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'आमच्या' असे देणे आपल्यातल्या पुष्कळांना जमण्यासारखे आहे.