पाठीलाही सुट्टी हवी

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली आता गावोगावी दिसतात. ८०० मीटर धावणं, १०० मीटर धावणं आणि ४ किलोचा गोळा फेकणं, अशी मैदानी चाचणी ५० गुणांची. ताकदीसाठी काही मुली डेडलिफ्ट करतात, म्हणजे जमिनीवरचा वजनाचा दांडा धरून सरळ उभं राहायचं. मांड्या, पाठ आणि हाताची पकड यांना हा व्यायाम फार चांगला. पण आया विचारतात, "ताई, पोरगी रोज करते, चालेल का?"

रोज नको. आठवड्यातून एक-दोनदा पुरे. नवीन मुलीनं हलक्या वजनानं दोनदा करावं. वजन जड झालं की बहुतेकींना एकदाच पुरतं. मध्ये निदान ४८ तास जाऊ द्यावेत.

कारण ताकद उचलताना वाढत नाही, नंतर वाढते. ताण पडलेले स्नायू शरीर विश्रांतीत दुरुस्त करतं आणि थोडे अधिक मजबूत करतं. सारवलेली जमीन वाळायच्या आत कुणी चाललं तर काय होतं, ते आपल्याला माहीत आहेच.

आपल्या मुलींना शेतातलं कामही असतं. युरियाची गोणी ४५ किलोची, डीएपीची ५०. दांडा काय अन् गोणी काय, पाठीला सारखंच ओझं. खत वाहिलं, उसाच्या मोळ्या उचलल्या, तर त्या दिवशीची डेडलिफ्ट झाली असं धरा. दुसऱ्या दिवशीही जड उचलू नका.

झोप सात-आठ तास हवी. रोज डाळ, उसळ, मूठभर शेंगदाणे, जमल्यास दूध किंवा अंडं खावं. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिनं असतात. घरात सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाऊन ताकद येत नाही. तिचं ताट आधी वाढा. थकवा जात नसेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या.

व्यायामानंतर दोन-तीन दिवस अंग आंबणं साहजिक आहे. पण कमरेतून पायात कळ गेली, मुंग्या आल्या, पाय बधिर झाला, तर वजन उचलणं थांबवून डॉक्टरांना दाखवा. बाळंतपण किंवा ऑपरेशन झालेल्या बायांनी आधी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

गटाच्या वहीत आपण जमाखर्च लिहितो ना, तशी मुलीलाही एक वही करून द्या. उचललेलं ओझं खर्चात, झोप आणि जेवण जमेत. खर्च जास्त दिसला, की त्या दिवशी सुट्टी.